वाचविणे आणि आवरणे

परोपकाराविषयी आपल्याकडे इतके बोलले गेले आहे की, त्यात आणखी भर घालण्याचे धाडस कोणी सहसा करीत नाही. भुकेल्याला अन्न द्यावे, तहानेल्याला पाणी द्यावे, शरण आलेल्याला अभय द्यावे, हे पाठ आपण सर्वांनी देवळाच्या सभामंडपात बसून कीर्तनकारांच्या मुखातून ऐकले आहेत. या सर्व दृष्टांतांत एक गोष्ट समान असते. संकटात सापडलेला जीव डोळ्यांसमोर असतो, त्याला संकटात लोटणाराही ओळखता येतो, आणि मदतीचा हात पुढे केला की काम होते. परंतु जेथे मरणारा जीव दृष्टीआड आहे, मारणारा असा कोणी एक नाही, आणि वाचविण्यासाठी करण्यासारखे थोडे व न करण्यासारखेच पुष्कळ आहे, तेथे धर्म कोणता? हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेत ठेवला तर निसटून जातो. म्हणून आम्ही तो दोन प्राण्यांच्या आधाराने मांडू इच्छितो. एक आहे न्यूझीलंडच्या बेटांवरील पक्षी, काकापो. दुसरा आहे उंच पर्वतांच्या दगडधोंड्यांत राहणारा, मुठीएवढा सस्तन प्राणी. इंग्रजीत त्याला पिका म्हणतात. परंतु मराठीत विभक्ती लागताच हे नाव शेतातल्या पिकाशी गोंधळते. हा प्राणी सशाच्या गोतातला असल्यामुळे या लेखापुरते आम्ही त्याला गिरिशशक म्हणू.

प्रथम पक्ष्याविषयी. काकापो हा पोपट आहे. पण पोपटाविषयीच्या आपल्या बहुतेक कल्पना त्याला लागू पडत नाहीत. तो उडत नाही. दिवसा दडून बसतो व रात्री हिंडतो. माओरी भाषेत काका म्हणजे पोपट आणि पो म्हणजे रात्र. जगातील सर्व पोपटांत तो वजनाने भारी. मोठ्या नराचे वजन ४ किलोपर्यंतही जाते. रंग शेवाळलेल्या खोडासारखा हिरवा. धोक्याची चाहूल लागली की तो पळत नाही, जागच्या जागी निश्चल होतो. ही रीत वेडगळ वाटेल. परंतु ज्या भूमीत ती घडली तेथे ती शहाणपणाची होती. मनुष्य येण्यापूर्वी न्यूझीलंडच्या रानांत वटवाघळांखेरीज सस्तन प्राणी नव्हते. शत्रू येई तो आकाशातून, आणि हेरी तो डोळ्यांनी. डोळ्यांनी हेरणाऱ्यापुढे स्तब्ध राहणे हाच उत्तम बचाव होता.

सुमारे ७०० वर्षांपूर्वी माओरी लोक आले व त्यांच्याबरोबर कुत्रा व उंदीर आला. पुढे युरोपीय लोक आले. त्यांनी मांजरे आणली, दुसऱ्या जातींचे उंदीर आणले, ससे आणले. आणि ससे अनावर झाले तेव्हा त्यांचा नायनाट करण्यासाठी १८८० नंतरच्या दशकात स्टोट नावाचा, मुंगसाच्या चणीचा चपळ शिकारी आणून सोडला. हे सर्व प्राणी वासावर शिकार करणारे. त्यांच्यापुढे स्तब्ध उभा राहणारा पक्षी म्हणजे वाढून ठेवलेले ताट होते. रिचर्ड हेन्री नावाच्या एका रखवालदाराने हे ओळखले. १८९४ पासून त्याने होडीने, पायी, पाठीवर वाहून शेकडो काकापो व किवी पक्षी रेझोल्यूशन नावाच्या बेटावर नेले. १९०० साली तेथेही स्टोट पोहत येऊन पोहोचला. त्याच्या इतक्या वर्षांच्या श्रमांचे पाणी झाले.

तरीही त्याने घालून दिलेला मार्ग चुकीचा नव्हता. १९७७ साली स्ट्यूअर्ट बेटावर काकापोंची एक वस्ती आढळली. तेथे मांजरे त्यांना खात होती. पुढील वीस वर्षांत त्या पक्ष्यांना निवडक, शिकारी प्राणी नसलेल्या किंवा मुद्दाम निर्धोक केलेल्या बेटांवर हलविण्यात आले. १९९५ साली जगात अवघे ५१ काकापो उरले होते. २०२२ साली ही संख्या २५२ झाली. या दोन आकड्यांमध्ये जे श्रम आहेत त्यांना तोड नाही. प्रत्येक पक्ष्याला नाव आहे. प्रत्येकाच्या पाठीवर बिनतारी संदेश देणारे लहानसे यंत्र आहे. रिमू नावाच्या वृक्षाला भरघोस फळे धरतात त्या वर्षीच हे पक्षी जुगतात, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा. त्या वेळी घरट्यांवर रात्ररात्र पहारा असतो. एके काळी असे दिसून आले की, जादा अन्नावर पुष्ट झालेल्या माद्यांना नरपिल्लेच अधिक होतात. तेव्हा कोणत्या मादीला किती वाढावे याचाही हिशेब बसविण्यात आला. जातीच्या जवळजवळ सर्व पक्ष्यांचा आनुवंशिक आराखडा वाचून ठेवलेला आहे. १९७५ साली फ्योर्डलंडच्या डोंगरात सापडलेल्या एका वृद्ध नराला त्या जुन्या रखवालदाराचे, रिचर्ड हेन्रीचेच, नाव देण्यात आले. २०१० साली तो मेला तेव्हा त्याच्या मृत्यूची बातमी देशोदेशी छापली गेली.

आता गिरिशशक. त्याच्या मृत्यूची बातमी कोठेही छापली जात नाही. उत्तर अमेरिकेच्या रॉकी व सिएरा नेवाडा पर्वतांत राहणाऱ्या जातीचे वजन सुमारे १५० ग्रॅम असते. कान गोल, शेपूट दिसत नाही, पायांच्या तळव्यांवरही केस. कड्यावरून ढासळलेल्या दगडांच्या राशींत, फटींच्या गारव्यात त्याचे घर. हिवाळ्यात तो अस्वलाप्रमाणे झोपून राहत नाही. बर्फाखाली जागाच असतो. त्यासाठी उन्हाळाभर त्याची बेगमी चालते. गवताच्या काड्या व फुलांचे तुरे तोंडात धरून तो दिवसातून अनेक खेपा घालतो व खडकाच्या आडोशाला गंजी रचतो. या वनस्पतींत काही विषारी असतात. त्यांतील विषामुळे गंजी कुजत नाही, आणि विष कालांतराने ओसरले की त्या खाण्याजोग्या होतात. मुरंब्याची बरणी भरून ठेवणाऱ्या गृहिणीने त्याला आपला म्हणावे अशी ही दूरदृष्टी आहे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी पंचकेदारांची यात्रा केली असेल त्यांनी या प्राण्याचा हिमालयातील भाऊबंद कदाचित पाहिलाही असेल. ३,६८० मीटर उंचीवरील तुंगनाथाच्या वाटेवर, दगडांच्या राशींतून एक तपकिरी जीव क्षणभर डोकावतो व नाहीसा होतो. यात्रेकरू त्याला उंदीर समजतो आणि पुढे चालू लागतो.

या प्राण्याचे वैरी कोल्हे, मुंगसासारखे शिकारी व ससाणे हे आहेतच. परंतु त्यांच्याशी त्याचा हिशेब पुरातन काळापासून जुळलेला आहे. ज्याच्याशी जुळलेला नाही तो वैरी म्हणजे उष्णता. त्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमानच ४० अंशांच्या आसपास असते, अंगावर लोकर दाट, आणि सहनशक्तीची मर्यादा फारच जवळ. १९७० नंतरच्या दशकातील प्रयोगांत असे दिसले की, सावलीत वा फटीत शिरण्याची मोकळीक न मिळाल्यास २५ ते ३० अंशांच्या उष्म्यानेही तो काही तासांत दगावतो. पुणे-बेळगावला जो दिवस आपण आल्हाददायक म्हणू, तो त्याला प्राणघातक ठरू शकतो. उन्हाळे तापू लागले तसे त्याचे चरण्याचे तास घटतात. बर्फाची दुलई पातळ झाली तर हिवाळ्यात, उलट, तो थंडीने गारठतो. अमेरिकेच्या ग्रेट बेसिन प्रदेशात पूर्वी ज्या २५ ठिकाणी त्याची वस्ती नोंदली होती, त्यांतील ७ ठिकाणी तो आता आढळत नाही, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. २००७ साली त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घ्यावे असा अर्ज अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्याकडे करण्यात आला. २०१० साली तो नाकारण्यात आला. उंचावर त्याला पुरेशी जागा उरेल, असे खात्याचे म्हणणे पडले.

या दोन जीवांत साम्य प्रथम पाहू. दोघेही बेटावरचे आहेत. काकापोच्या भोवती समुद्र आहे हे उघडच दिसते. परंतु गिरिशशकाच्या शिखराभोवतीही समुद्रच आहे, उष्ण हवेचा. दरीतली ऊब ओलांडून पलीकडच्या शिखरावर जाणे त्याला पुष्कळदा तितकेच अशक्य असते, जितके न उडणाऱ्या पक्ष्याला सागर ओलांडणे. दोघांनीही जुन्या वैऱ्यांपासून बचावाच्या युक्त्या पूर्णत्वास नेल्या आहेत, आणि दोघांपुढेही असा नवा वैरी उभा आहे ज्याच्यापुढे त्या तोकड्या पडतात. दोघांनीही आपला काही अपराध केलेला नाही.

भेद मात्र एकच आहे, आणि आमच्या मते सर्व नीतिविचार त्या भेदात सामावलेला आहे. काकापोच्या मारेकऱ्यांची नावे सांगता येतात. उंदीर, मांजर, स्टोट. आणि त्यांना आणणारा मनुष्य. मारेकरी ठाऊक असल्यामुळे जीवाला त्याच्यापासून दूर नेता येते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. गिरिशशकाला कोठे नेणार? तो आधीच शिखराजवळ आहे, आणि शिखराच्या वर आणखी एक शिखर बांधून देण्याची विद्या कोणापाशी नाही. त्याला हवा आहे गारवा; आणि गारवा ही ओंजळीत भरून देता येईल अशी वस्तू नव्हे. ती हिरावून न घेणे एवढेच आपल्या हाती आहे. एका ठिकाणी धर्म म्हणतो, उठ आणि वाचव. दुसऱ्या ठिकाणी तो म्हणतो, थांब आणि आवर. पहिल्या आज्ञेला आपण आनंदाने धावतो. दुसरी ऐकू आली की कानांवर हात ठेवतो.

असे का व्हावे? वाचविण्याने आपल्या पदरी काही पडते. कीर्ती असो, पुण्य असो, निदान समाधान असो. वाचविलेला जीव दाखविता येतो. आवरण्याने आपले काहीतरी कमी होते आणि दाखविण्यासारखे काही उरत नाही; न जाळलेल्या तेलाची कोनशिला कोणी बसवीत नाही. दुसरे कारण नाव हे आहे. नाव असलेल्या जीवाशी आपले नाते जडते. गिरिशशकांना कोणी नावे देत नाही. ते सगळे मिळून एक आकडा होतात, आणि आकड्याविषयी माणसाचे अंतःकरण द्रवत नाही.

काकापोच्या रक्षणाला आम्ही कमी लेखतो असा समज कोणी करून घेऊ नये. उलट त्यातील नैतिक भार पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. ज्या बेटांवर हा पक्षी आज सुखाने राहतो ती बेटे उंदीरमुक्त करण्यासाठी विष टाकावे लागले. व्हेनुआ होऊ या त्याच्या प्रमुख बेटावर १९९८ साली उंदरांचा निःपात करण्यात आला. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या वाचकाला येथे अडखळल्यासारखे होईल, आणि व्हावे. उंदीर आपण होऊन तेथे गेला नव्हता. त्याला माणसाने नेले. माणसाच्या चुकीचे प्रायश्चित्त उंदराने घेतले. तथापि ते न घेतले तर काकापोची जातच संपते. अशा पेचात निष्कलंक मार्ग नसतो. कमी पापाचा मार्ग असतो, आणि तो जाणूनबुजून, जड मनाने पत्करावा लागतो. ज्यांनी तो पत्करला त्यांना दोष देण्याचा अधिकार, नुसते पाहत बसलेल्यांना नाही.

आता कायद्याकडे वळू. कारण मुक्या जीवाला न्याय कसा मिळावा या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या देवळांनीच कायद्याला शिकविले आहे. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. ती मालमत्ता धारण करू शकते, दावा लावू शकते. १९२५ साली प्रमथनाथ मल्लिक यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने याहून पुढचे पाऊल टाकले. कुटुंबातील भाऊबंदांच्या वादात कुलदेवतेची मूर्ती म्हणजे वाटून घ्यायची वस्तू नव्हे. तिला स्वतःची इच्छा आहे असे मानले पाहिजे, आणि ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यासाठी त्या वादात स्वार्थ नसलेला हितचिंतक नेमला पाहिजे, असे त्या निर्णयाचे तात्पर्य होते. बोलू न शकणाऱ्याच्या वतीने निःस्वार्थ माणसाने बोलावे, ही ती कल्पना. न्यूझीलंडने २०१७ साली व्हांगानुई नदीला व्यक्तित्व दिले आणि तिच्या वतीने बोलणारे पालक नेमले. आपल्या देवस्थानांच्या कायद्याशी परिचित असलेल्या माणसाला त्यात अपरिचित असे काहीच वाटणार नाही. काकापोच्या बाबतीतही १९९८ च्या कायद्याने न्गाई ताहू या माओरी समाजाचे त्या पक्ष्याशी असलेले वडिलोपार्जित नाते मान्य केले आहे. त्यांच्या भाषेत तो पक्षी त्यांचा ठेवा आहे, आणि ठेव्याचा कोणी मालक नसतो, राखणदार असतो.

आणि गिरिशशक? चमत्कार असा की तुंगनाथचा गिरिशशक काही काळ कागदावर तरी व्यक्ती झाला. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने, नेपाळच्या सीमेवर घोडागाड्यांना जुंपल्या जाणाऱ्या घोड्यांच्या हालांविषयीच्या प्रकरणात, समस्त प्राणिसृष्टीला कायदेशीर व्यक्तित्व आहे असे घोषित केले आणि राज्यातील सर्व नागरिकांना त्या सृष्टीचे पालक ठरविले. निर्णयामागील करुणेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु वकिलाच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो की, या वादीने दावा लावायचा तो कोणावर? घोड्याचा छळ करणारा गाडीवान सापडतो. गिरिशशकाचा उन्हाळा तापविणारा प्रतिवादी कोण? दीडशे वर्षांपूर्वीची मँचेस्टरची गिरणी, आजचा डेट्रॉइटचा मोटारवाला, शांघायचा कारखाना, आणि हा लेख ज्या दिव्याखाली वाचला जात आहे तो दिवा, ही सर्व नावे त्या दाव्यात घालावी लागतील. जेथे प्रतिवादींच्या यादीत पालकांची नावेही असतात, तेथे न्यायालयाचा हात पोहोचत नाही. तेथून पुढचा प्रांत धर्माचा आहे.

या दोन कर्तव्यांची टक्कर कशी होते हे आपल्या न्यायालयांनी अलीकडेच अनुभवले आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळामुळे मराठी माणसाला परिचित असलेला माळढोक पक्षी आज मुख्यत्वे राजस्थानात उरला आहे. संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. हा भारी पक्षी विजेच्या उंच तारांवर आदळून मरतो. म्हणून एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातील तारा शक्य तेथे जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. परंतु त्याच मरुभूमीत सूर्यापासून वीज निर्माण करण्याचे मोठे प्रकल्प उभे राहत होते, आणि ती वीज कोळशाचा धूर टाळण्यासाठी हवी होती. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आपला सरसकट आदेश बदलून तो प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला. आणि त्याच निर्णयात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क राज्यघटनेच्या १४ व्या व २१ व्या अनुच्छेदांतून निघतो, असे म्हटले. डोळ्यांसमोरचा एक पक्षी एका पारड्यात, आणि दूरचे, निनावी, असंख्य जीव दुसऱ्या पारड्यात. न्यायालयाने केले ते बरोबर की चूक, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की, दोन्ही पारड्यांत जीव होते, आणि वजनाच्या मापाला, म्हणजे आपल्या विजेच्या मागणीला, मात्र कोणी हात लावला नाही. ती निम्मी केली तर तारांचे काय होईल, हा प्रश्न कोणत्याही पक्षकाराच्या तोंडी शोभला नसता.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, गिरिशशक खरोखर नष्ट होत आहे हेच सिद्ध झालेले नाही. या आक्षेपात तथ्य आहे. सिएरा नेवाडाच्या उंच भागांत तो अजून चांगला टिकून आहे. ओरेगॉन व वॉशिंग्टनच्या सीमेवर, कोलंबिया नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या शेवाळलेल्या दगडांतही तो शेवाळ खाऊन राहतो. फटींतला थंडावा त्याला पुरतो. तो आपण समजतो त्याहून चिवट असेल. परंतु संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, हे प्रकरणाच्या स्वरूपावर अवलंबून असते. आरोपीला तो मिळतो, कारण त्याचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. विश्वस्ताला तो मिळत नाही. देवस्थानच्या तळघरात पाणी शिरत असताना एखादा विश्वस्त म्हणू लागला की, दागिने बुडतीलच असे अद्याप सिद्ध झालेले नाही, तर आपण त्याला दुसऱ्या दिवशी पदावर ठेवणार नाही. सावधगिरीचे हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ च्या वेल्लोरच्या प्रकरणापासून पर्यावरणाच्या कायद्याचा भाग मानले आहे. पृथ्वीविषयी आपली भूमिका आरोपीची की विश्वस्ताची, हे ज्याने त्याने ठरवावे. ठरविल्यावर मात्र त्या भूमिकेचे नियम पाळावेत.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. माझ्या एकट्याच्या आवरण्याने काय होणार? माझ्या घरातील एक यंत्र बंद राहिले म्हणून रॉकी पर्वतावरचा बर्फ एक दिवसही अधिक टिकणार नाही. गणित म्हणून हे खरे आहे. परंतु धर्म हा केवळ परिणामांच्या बेरजेवर उभा असता, तर एका माणसाच्या खोटे बोलण्याने जगातील सत्य कितीसे घटते, असेही विचारता आले असते. आपण खोटे बोलत नाही ते सत्याचा साठा वाढावा म्हणून नव्हे, तर आपण खोटे बोलणारा माणूस होऊ नये म्हणून. शिवाय, ज्या हानीत सर्वांचा वाटा इतका सूक्ष्म आहे की कोणालाच तो दिसत नाही, ती हानी थांबण्याचा आरंभ न दिसणारा वाटा मान्य करण्यापासूनच होणार. राज्याने कायदे करावेत, करार करावेत, हे आहेच. परंतु ज्या समाजाला आपला वाटा मान्यच नाही त्याच्यासाठी राज्य ते कोणाच्या बळावर करणार?

महाभारतातील शिबी राजाची कथा आपण करुणेची कथा म्हणून सांगतो. कबुतर शरण आले, पाठोपाठ ससाणा आला, राजाने कबुतराच्या वजनाइतके स्वतःचे मांस तोलून दिले. या कथेतील एक बारकावा आपण विसरतो. ससाण्याची तक्रार राजाने खोटी ठरविली नाही. भूक त्याचीही खरी होती. म्हणून दयेची किंमत तिसऱ्या कोणाच्या माथी न मारता राजाने ती स्वतःच्या मांडीतून दिली. काकापोच्या रक्षणाची किंमत बव्हंशी उंदरांनी भरली. गिरिशशकाच्या बाबतीत किंमत भरायला उंदीर नाहीत. तराजू आपल्यापुढे आहे आणि त्यात टाकायला आपल्या सुखसोयींखेरीज दुसरे काही नाही. केदारनाथच्या दर्शनाला हेलिकॉप्टरने जाणारा धडधाकट भाविक ज्या अभयारण्यावरून उडतो, त्याच्या खडकांत हाच प्राणी राहतो. वृद्धाची वा पंगूची गोष्ट निराळी. पण ज्याचे पाय शाबूत आहेत त्याने चालावे, एवढे मांस तराजूत टाकणे काही जड नाही.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या घराघरांत वाचली जाते, मग ते घर फोंड्यात असो, बेळगावात असो की इंदूरच्या राजवाड्यामागे असो. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचा पण केला व नगरातील सर्व दूध देवळात आणविले. घरोघरची वासरे आणि मुले उपाशी राहिली. गाभारा काही भरला नाही. एका म्हातारीने आधी घरच्यांना जेवू घातले, वासरांना पाजले, आणि उरलेले खुलभर दूध देवाला वाहिले. गाभारा भरून गेला. भक्तीचा महिमा म्हणून ही कहाणी ऐकली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तीत न्यायाचाही एक धडा आहे. राजाने दिले पुष्कळ, पण ते ज्यांना तक्रार करता येत नाही त्यांच्या तोंडचे होते. म्हातारीने प्रथम कोणाच्या तोंडचे काढून घेतले नाही. तिचे देणे त्यानंतर सुरू झाले. देवाने दोन्ही दाने तोलली, तेव्हा त्याने दुधाचे माप पाहिले नाही.

काकापोला आपण पुष्कळ दिले आहे, आणि ते द्यायलाच हवे होते. त्याच्या जातीचा घास माणसाने एकदा काढून घेतला होता. तो परत करणे म्हणजे ऋण फेडणे. गिरिशशक आपल्याकडून काहीच मागत नाही. त्याची गंजी तो स्वतः रचतो, घर स्वतः शोधतो, आपल्या दयेवाचून तो युगानुयुगे जगत आला आहे. त्याच्या वाट्याचा गारवा त्याच्यापाशी राहू द्यावा, एवढेच त्याच्या बाबतीतले कर्तव्य. वाचविण्याचा धर्म आपण मनापासून शिकलो आहोत. आवरण्याचा धर्म आपल्या व्रतवैकल्यांत, उपासात, एकभुक्तात कधीपासून आहेच. देवासाठी आपण एक वेळचे अन्न सोडतो. ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशा जीवासाठी एक वेळची सोय सोडता आली, तर ते त्याच व्रताचे उद्यापन होईल.